खांब विजेचा, इंटरनेट कुणाचं?

महाड-पोलादपूरकडे बऱ्याच ठिकाणी विजेच्या खांबांवरून काळी केबल गेलेली दिसते. इंटरनेट लाइटीच्या तारेतूनच येतं, हा समज बहुधा तिथूनच निघतो. ती केबल ऑप्टिकल फायबरची असते. आत केसाएवढी काच, तिच्यातून प्रकाश धावतो. विजेशी तिचं नातं खांबापुरतंच.

मग घरातल्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर म्हणजे थोतांड का? मुळीच नाही. हे डबे जोडीने मिळतात. एक राउटरशेजारच्या सॉकेटमध्ये लावून केबलने राउटरला जोडायचा, दुसरा माडीवर. घरातली वीज 50 हर्ट्झची, तर डब्यांचे संकेत त्याच तांब्यावरून साधारण 2 मेगाहर्ट्झच्या वर जातात. त्यामुळे दोन्ही वेगळे काढणं सोपं. जाड दगडी भिंतीपुढे वायफाय हात टेकतं तिथे ही जोडी उपयोगी पडते. मात्र डबा इंटरनेट निर्माण करत नाही. घरात आधी जोडणी हवीच.

‘मग महावितरणच तारेतून इंटरनेट का देत नाही?’ वाड्यावाड्यांत विखुरलेल्या या भागात हा प्रश्न रास्त आहे. पण असे संकेत डीपीतून धड पार होत नाहीत आणि उघड्या तारा अँटेनासारख्या वागून रेडिओत खरखर आणतात. अमेरिकेतल्या मनासस शहराने 2005 मध्ये शहरभर अशी सेवा दिली. 2010 मध्ये ती बंद केली. उच्चदाब वाहिन्यांवरून उपकेंद्रांचे निरोप मात्र कित्येक दशकं जात आले आहेत. उपकेंद्रातलं पिंपाएवढं वेटोळं, वेव्ह ट्रॅप, त्यासाठीच असतं. पण ती वाट बोलण्यापुरती आणि बिघाडाच्या इशाऱ्यांपुरती; तिच्यावरून सिनेमा यायचा नाही.

खोक्यावरच्या 600 एमबीपीएसवर भाळू नये. तो कागदावरचा वेग. तिसरा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. दोन डबे वेगवेगळ्या फेजवर असले किंवा स्वस्त चार्जर शेजारी असला की तोही घटतो. लाइट गेल्यावर हे चालतील, हाही भ्रमच. राउटर आणि दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या लाइनवर असतील तरच आशा.

जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतले तळमजले बुडाले होते. तेव्हा भिजलेलं वायरिंग अजून तसंच असेल, तर डबे घेण्याआधी वायरमनकडून बोर्ड उघडून तपासून घ्यावेत; गंजलेल्या सांध्यात संकेत अडतो आणि सांधा तापतोही. वळवाचा गडगडाट सुरू झाला की डबे काढून ठेवावेत. स्पाइक गार्डमधून लावायची सोय नाही, कारण तो बहुधा त्यांचे संकेतही गाळून टाकतो.