जुन्या मालमोटारीचा सेल्फ

मुंबईच्या शिवडी भागात जनरल मोटर्स कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना 1928 मध्ये निघाला व 1954 मध्ये बंद झाला. त्या काळातील एखादी शेव्हरोले मालमोटार हौशी मालकाने आजवर जपलेली असते, आणि एके सकाळी पायाखालची कळ दाबूनही तिचे इंजिन फिरत नाही, नुसते कण्हते. इंजिनाला पहिली गती देणारी विजेची मोटर, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘सेल्फ’, दुरुस्त करावी की बदलावी, असा प्रश्न मग पडतो. पुष्कळदा तो वेळेआधीच पडलेला असतो.

कारण दोष सेल्फचाच आहे, हे अद्याप ठरलेले नसते. या गाड्यांची वीज 6 व्होल्टांची. 12 व्होल्टांच्या गाडीत जे काम होते, तेच येथे करण्यास दुप्पट प्रवाह लागतो. त्यामुळे त्याच केबलमध्ये व्होल्टेजची घट दुप्पट होते, आणि मुळातल्या 6 व्होल्टांच्या मानाने पाहिली तर ती चौपट भरते. मध्यंतरी कोणी 12 व्होल्टांच्या गाडीची बारीक केबल बसवली असेल, अथवा इंजिन व चॅसी यांना जोडणारी पट्टी गंजली असेल, तर निर्दोष सेल्फही आळशी ठरतो. म्हणून कळ दाबलेली असतानाच आधी बॅटरीवर व नंतर सेल्फवर व्होल्टेज मोजावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून बराच अधिक फरक निघाला, तर आरोपी वाटेतच कोठेतरी आहे.

सेल्फ खोलावाच लागला, तरी भिण्याचे कारण नाही. कार्बन आणि बुश हे झिजण्यासाठीच असतात. बुश झिजला की आर्मेचर कलते व सभोवतालच्या चुंबकी तुकड्यांना घासू लागते. त्या खुणा डोळ्यांना दिसतात. नवे कार्बन, नवे बुश, कम्युटेटरवर लेथचा हलका हात आणि तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक किंचित खाली कोरणे, एवढ्याने बहुतेक सेल्फ मार्गी लागतात. खरी कसोटी आर्मेचरची. त्याचे वाइंडिंग जळले असेल, तर जाड तांब्याच्या पट्टीचे ते काम पंखे भरणाऱ्या प्रत्येक कारागिरास साधत नाही. तेथे बदलीचा विचार रास्त होय.

मात्र बदलीचा सेल्फ केवळ बोल्टांच्या भोकांत बसला म्हणजे झाले नाही. फिरण्याची दिशा आणि पिनियनचे दाते फ्लायव्हीलच्या रिंगशी जुळावे लागतात. न जुळल्यास रिंग खाल्ली जाते, आणि ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स व क्लच उतरवावे लागतात. शिवाय या गाड्यांत पायाची तरफच आधी पिनियन पुढे सारते, मग वीज जोडते. आधुनिक सोलेनॉइडचा सेल्फ घातला की ती तरफ निव्वळ शोभेची उरते. चालवणाऱ्यास हे चालणार असेल तर गोष्ट वेगळी. तरीही जुना सेल्फ भंगारात देऊ नये. पुढे योग्य आर्मेचर हाती लागले, तर त्याचीच तरफ आणि त्याचेच आवरण लागणार असते.