राख पकडणारी वीज

कोरड्या केसांवरून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला, की कपटे उडून त्याला चिकटतात. घर्षणामुळे कंगव्यावर विद्युतप्रभार साचतो. तो एका जागी स्थिर राहतो, म्हणून या विजेला स्थिर विद्युत म्हणतात. सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात, तर विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात.

कंगव्याचा हा खेळ क्षुल्लक वाटतो. परंतु औष्णिक विद्युत केंद्रातील धूर याच बलाने स्वच्छ केला जातो. वीजनिर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय कोळशात साधारणतः ३० ते ४५ टक्के राख असते. तिचा मोठा भाग धुराबरोबर वर जातो. हे कण इतके सूक्ष्म असतात, की स्वतःच्या वजनाने ते लवकर खाली बसत नाहीत. हवेत मिसळल्यास ते श्वासावाटे फुप्फुसांत शिरतात.

म्हणून धूर धुराड्यात जाण्यापूर्वी ‘स्थिर विद्युत अवक्षेपक’ या यंत्रातून नेतात. त्यात धातूचे मोठे पत्रे समांतर उभे केलेले व जमिनीशी जोडलेले असतात. पत्र्यांमधील तारांना हजारो व्होल्टचा ऋण विद्युतदाब दिलेला असतो. तारांभोवतीच्या प्रबळ विद्युतक्षेत्रामुळे वायूचे ऋण आयन तयार होतात. ते राखेच्या कणांना चिकटून कणांना ऋणप्रभारित करतात. असा कण तारेपासून दूर लोटला जातो आणि पत्र्याकडे ओढला जातो. कणावरील प्रभार व विद्युतक्षेत्र जितके अधिक, तितके हे बल अधिक. सूक्ष्म कणांवर ते त्यांच्या वजनाच्या कितीतरी पट असते.

पत्र्यांवर साचलेली राख हातोड्यांच्या ठोक्यांनी खाली पाडतात. पुढे ती सिमेंट व विटा तयार करण्यासाठी उपयोगी पडते.

अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी या पद्धतीचे पेटंट १९०८ मध्ये मिळवले. १९१२ मध्ये त्यांनी आपल्या पेटंटांचे उत्पन्न विज्ञान संशोधनासाठी देणारी संस्था स्थापन केली.

सुस्थितीतील अवक्षेपक ९९ टक्क्यांहून अधिक राख अडवतो. मात्र सल्फर डायऑक्साइडसारखे वायू त्याला अडवता येत नाहीत. पत्र्यांवर राखेचा जाड थर राहिला, तर त्याची कार्यक्षमताही घटते. म्हणूनच यंत्र बसवणे पुरेसे नसते. ते अखंड चालू ठेवणे आणि त्याची निगा राखणे यावरच परिसरातील लोकांचे आरोग्य अवलंबून असते.