सदिश नकाशा : रेषेची स्पष्टता आणि स्थानाची अचूकता
(डोळखांब परिसराच्या उदाहरणाने)

संगणकावरील भौगोलिक सामग्रीचे सदिश रेखाटनात रूपांतर करून नकाशा सिद्ध करण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत रस्ते, ओढे, सीमा यांचे थर जुळवावयाचे, ते एसव्हीजी किंवा पीडीएफ स्वरूपात बाहेर काढावयाचे आणि अक्षरलेखनादी अखेरचे संस्कार रेखाटनाच्या प्रणालीत करावयाचे, असा तिचा क्रम आहे. या क्रमात अचूकता कोठे टिकते व कोठे हरवते, याचा विचार येथे शहापूर तालुक्यातील डोळखांब परिसर समोर ठेवून केला आहे.

हा परिसर निवडण्यास कारण आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, आजोबा पर्वताच्या बाजूस असलेल्या या भागात भाताची खाचरे, वरकस जमीन, वन आणि आदिवासी पाडे एकमेकांत मिसळलेले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर कमाल ४ हेक्टरपर्यंत वैयक्तिक हक्क मागता येतो आणि २००८ च्या नियमांत नकाशे व उपग्रहचित्रे यांची गणना पुराव्यांत केलेली आहे. अशा ठिकाणी रेषा कोठून गेली हा केवळ रेखनकौशल्याचा प्रश्न राहत नाही.

बिंदुचित्रात नकाशा हा लहान लहान रंगीत चौकोनांचा समूह असतो. तो मोठा केला की कडा फाटतात. सदिश रेखाटनात प्रत्येक रेषा तिच्यावरील बिंदूंच्या सहनिर्देशकांनी नोंदलेली असते; म्हणून ती कितीही मोठी केली तरी रेखीवच दिसते. हा गुण निःसंशय मोलाचा होय. तथापि भ्रमाचे मूळही त्यातच आहे. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावरील ०·२ मिलिमीटर जाडीची रेषा प्रत्यक्ष भूमीवर १० मीटर रुंदी व्यापते. हा नकाशा कागदावरच १:५,००० इतका मोठा केला असता, तर ती रेषा २ मिलिमीटर जाड दिसून आपली अनिश्चितता स्वतःच उघड करती. सदिश रूपात मात्र आपण तिला पुन्हा ०·२ मिलिमीटर जाडी देतो, म्हणजे ती १ मीटरची असल्याचे भासवतो. एक एकराच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारे ६४ मीटर असते. तिची एक कड १० मीटर सरकली तर सुमारे ६ गुंठे क्षेत्र इकडचे तिकडे होते. चाळीस गुंठ्यांच्या धन्याला हा फरक थोडा नव्हे.

दुसरी बाब प्रक्षेपाची. अक्षांश-रेखांशांचे आकडे जसेच्या तसे कागदावरील उभे-आडवे अंतर मानणे चूक आहे. १९·५° उत्तर अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर, तर अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०·७ किलोमीटर भरतो. त्यामुळे असा नकाशा पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे साडेपाच टक्के ताणला जातो. महाजालावरील नकाशांत प्रचलित असलेल्या मर्केटर प्रक्षेपात येथील लांबी सुमारे ६ टक्के व क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के वाढून दिसते. म्हणून रूपांतरापूर्वीच सर्व थर यूटीएम प्रक्षेपाच्या ४३ उत्तर या पट्ट्यात आणावेत. ७२° ते ७८° पूर्व रेखांशांच्या या पट्ट्यात डोळखांब येते, आणि तेथे प्रक्षेपामुळे येणारी लांबीची चूक किलोमीटरमागे अर्ध्या मीटरहून कमी राहते.

तिसरी बाब एककांची. एसव्हीजीमध्ये एक इंच म्हणजे ९६ एकके, तर छपाईच्या परंपरेत एक इंच म्हणजे ७२ बिंदू. एका प्रणालीने लिहिलेले आकडे दुसरीने आपल्या एककात वाचले, तर आकृती एक चतुर्थांशाने बदलते व १:२५,००० चा नकाशा नकळत सुमारे १:३३,३०० चा होतो. यावर साधा उपाय असा की, शब्दांत लिहिलेल्या प्रमाणावर न विसंबता प्रमाणपट्टी रेखाटनाबरोबरच बाहेर काढावी आणि छापील प्रतीवर ती पट्टीने मोजून पाहावी.

चौथी बाब सुलभीकरणाची. फाईल हलकी करण्यासाठी बिंदू कमी केले जातात. डग्लस व प्यूकर यांनी १९७३ मध्ये मांडलेली रीत त्यासाठी सर्रास वापरली जाते. परंतु लगतच्या दोन तुकड्यांचे सुलभीकरण स्वतंत्रपणे केले, तर त्यांचा सामाईक बांध दोन ठिकाणी पडतो : कोठे फट राहते, कोठे एकाची जमीन दुसऱ्यावर चढते. सामाईक सीमा एकदाच नोंदून मगच ती साधी करावी. सहनिर्देशकांच्या दशांश स्थळांविषयीही हेच सांगता येईल. अंशाच्या पाचव्या स्थळाचे मूल्य सुमारे १ मीटर, तिसऱ्याचे सुमारे ११० मीटर. तीनच स्थळे ठेवल्यास लहान पाडा शेजारच्या ओढ्यात जाऊन बसेल.

देवनागरी नावांचा प्रश्न शेवटचा, पण क्षुल्लक नव्हे. अक्षरे मजकूर म्हणून ठेवली, तर ज्या संगणकावर तो टंक नाही तेथे त्यांचे रूप बदलते व काही प्रणालींत जोडाक्षरे तुटतात. त्यांचे आकृतीत रूपांतर केले, तर नावे शोधता वा दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून मजकुराची प्रत संग्रहासाठी व आकृतीची प्रत छपाईसाठी, अशा दोन प्रती ठेवणे इष्ट.

सारांश, सदिश रूपांतराने सामग्रीची अचूकता वाढत नाही. फार तर ती सांभाळली जाते. म्हणून मूळ सामग्रीचे प्रमाण, तिच्या मोजणीचे वर्ष, प्रक्षेप व सुलभीकरणाची मर्यादा यांची नोंद प्रत्येक नकाशाच्या समासात असलीच पाहिजे. ज्या सीमेची मोजणी प्रत्यक्ष जागेवर झालेली नाही ती तुटक रेषेने दाखवावी. नकाशा त्यामुळे किंचित कमी देखणा दिसेल. परंतु तो पाहणाऱ्याला कोणत्या रेषेवर किती भिस्त ठेवावयाची हे कळेल, आणि नकाशाकाराचे पहिले कर्तव्य तेच आहे.