बिल वाढवतो कोण? चार्जर की गिझर?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विजेच्या बिलाचा फोटो पडतो आणि लगेच कोर्ट भरतं. 'रात्रभर मोबाइल चार्जिंगला कोण लावतं?' 'बाथरूमचा लाइट कोणी चालू ठेवला?' कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी, कुठेही जा. चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये हा खटला ठरलेलाच. गंमत म्हणजे आरोपी बहुतेक वेळा भलताच पकडला जातो.

विषय किरकोळ नाही. कळवण, सुरगाणा, निफाडहून नाशिकला शिकायला आलेल्या कितीतरी जणांच्या घरून येणारे पैसे कांद्याच्या नाहीतर द्राक्षाच्या भावावर ठरतात. भाव पडला की मेसचे पैसे पुढे ढकलावे लागतात. अशा महिन्यात बिलातले चारशे-पाचशे रुपये वाचले, तर तो मोठा आधार असतो.

आधी गणित

1000 वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. एवढं लक्षात ठेवलं की अर्धं बिल समजलं.

आता मोबाइल बघा. रोज एकदा फुल चार्ज केला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. म्हणजे ज्या चार्जरवरून भांडणं होतात, तो जवळजवळ निर्दोष. 2000 वॅटचा गिझर मात्र प्रत्येकाने फक्त पाव तास लावला, तर माणशी अर्धं युनिट होतं. पाच जणांचे रोजचे अडीच आणि महिन्याचे 75 युनिट! उन्हाळ्यात गिझर सुटतो, पण पंखा पकडतो. साधा पंखा साधारण 75 वॅटचा. असे पाच पंखे रोज 12 तास फिरले, की महिन्याला 135 युनिट. 'पंख्याला कितीशी वीज लागते?' म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

शंभरीची रेषा

महावितरणच्या घरगुती बिलात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे टप्पे असतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी. 101व्या युनिटपासून तो जवळपास दुप्पट होतो. वहन आकार आणि वीजशुल्क धरलं, की या टप्प्यातलं एक युनिट दहा रुपयांच्या वर जातं.

पाच जणांचा फ्लॅट शंभरी सहज ओलांडतो. म्हणून तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. थंडीत गिझरचा वापर निम्मा केला तर 37 युनिट, म्हणजे पावणेचारशे रुपयांहून जास्त वाचले.

निम्मा कसा करायचा? नाशिकची थंडी काही मस्करी नाही. गार पाण्याने अंघोळ करा, असं कोणी सांगणार नाही. पण टाकीचा गिझर असेल तर सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरका. एक सहाला, एक आठला, एक दहाला असं केलं की तापलेलं पाणी मधल्या वेळेत निवतं आणि पुन्हा तापवावं लागतं. शॉवरऐवजी बादली घ्या. पाणी कढत करून त्यात गार मिसळण्यापेक्षा लागेल तेवढंच तापवा. हीटर रॉड वापरत असाल तर बटण बंद करून, प्लग काढल्याशिवाय बादलीत हात घालू नका. इथे बचत नाही, जीव महत्त्वाचा.

धुणं कमी, शिस्त जास्त

कपड्यांच्या बाबतीतही खरी वीज खातं ते गरम पाणी. फ्रंट लोड मशीन 60 अंशांवर लावलं, तर साधारण 15 लिटर पाणी तापवायलाच पाऊण युनिटच्या आसपास जातं. ड्रम फिरवायला त्या मानाने फारच कमी वीज लागते. रोजच्या टी-शर्ट, जीन्सला गार पाणी पुरतं. गरम पाणी आजारी माणसाच्या चादरी आणि तेलकट कपड्यांसाठी ठेवा.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये बहुधा सेमी-ऑटोमॅटिक मशीन असतं. तिथे प्रत्येकाने आपले चार कपडे वेगळे धुण्यापेक्षा दोघांचे मिळून भरलेलं मशीन लावा. आधी फिके कपडे, मग त्याच साबणाच्या पाण्यात गडद कपडे, शेवटी पायपुसणी. आईने हे कधीच सांगितलेलं असतं; आपण ऐकलेलं नसतं. खळबळलेलं पाणी बादलीत धरा, फरशी आणि टॉयलेटला कामी येतं.

पावडर जास्त घातली म्हणजे कपडे जास्त स्वच्छ होतात, हा गैरसमज आहे. फेस वाढतो, तो घालवायला पाणी वाढतं. बोअरच्या जड पाण्यात फेसच होत नाही, म्हणून हात सैल सुटतो. शक्यतो नळाच्या पाण्यात धुवा. अर्धा तास भिजवा आणि कॉलर-कफ हाताने घासा. जीन्स दर वेळी धुवायची गरज नसते. उलटी करून वाऱ्यावर टाकली तरी पुढचे दोन-तीन दिवस निघतात.

वाळवायला ऊन फुकट आहे. पावसाळ्यात मात्र घरात दोरी बांधून रात्रभर पंखा लावण्याआधी कपडे स्पिनरमध्ये नीट पिळून घ्या. पाच मिनिटांचं स्पिन पंख्याच्या कितीतरी तासांपेक्षा स्वस्त पडतं. इस्त्री रोज एका शर्टासाठी तापवू नका. आठवड्याचे कपडे एका बैठकीत करा आणि शेवटचे दोन बटण बंद करून उरलेल्या उष्णतेवर.

आणि हो, 'नदीवर धुतले तर सगळंच फुकट' हा हिशेब नको. गोदावरीत जाणारा साबण कोणाच्या ना कोणाच्या पाण्यात उतरतोच.

बिल नीट वाचा

स्मार्ट टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत सुरू झाली. तुमच्याकडे असा मीटर असेल तर मशीन आणि इस्त्री दिवसा, सुट्टीच्या वारी लावा. कागदी बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेतलं की 'गो-ग्रीन' योजनेत वर्षाला 120 रुपये सुटतात. बिल घरमालकाच्या नावावर असेल, तर त्यांना एकदा विचारून बघा.

वापर कमी होण्याचा फायदा फ्लॅटपुरता नाही. नाशिकच्या वेशीवर एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे. तिथे कोळसा जळतो तेव्हा वीज होते. आपण वाया घालवलेल्या युनिटाचा धूर कुठेतरी निघालेलाच असतो.

या रविवारी एक करा. पाचही जणांनी मीटरसमोर उभं राहून आकडा लिहून घ्या. पुढचा रविवार येईपर्यंत अंघोळी पाठोपाठ आणि मशीन भरूनच, एवढे दोनच नियम पाळा. मग पुन्हा आकडा बघा आणि आधीच्या बिलाच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. ग्रुपवर या वेळी कोणाला आरोपी करायचं, ते मीटरच सांगेल.