छतावरून छतावर जाणारे जाळे

ब्रॉडबँडची विश्वासार्हता बहुधा ‘उपलब्धते’ने, म्हणजे वर्षातील किती वेळ जोडणी चालू राहिली या प्रमाणाने मोजली जाते, परंतु ९९.९ टक्के उपलब्धतेतही वर्षाकाठी पावणेनऊ तासांचा खंड बसतो आणि तो ऐन परीक्षेच्या दिवशी बसला, तर टक्केवारीचा दिलासा कोणालाच मिळत नाही.

असे खंड लोकांनी स्वतः उभारलेल्या जाळ्यांनाही चुकत नाहीत. स्पेनमधील कॅटालोनियाच्या ओसोना या ग्रामीण भागात व्यावसायिक ब्रॉडबँड नीट पोहोचत नसल्याने २००४ मध्ये रहिवाशांनी ‘गुइफी.नेट’ हे सामुदायिक बिनतारी जाळे उभारले. त्यात छतावरचा अँटेना हा ‘नोड’, म्हणजे जाळ्यातील एक थांबा असतो. एखादा नोड बंद पडला की राउटर दुसरी वाट शोधतात, मात्र आडबाजूच्या शेतघराला एकच दुवा असेल, तर ही सोय निरुपयोगी ठरते. शिवाय, विनापरवाना खुल्या असलेल्या लहरींवर इतर उपकरणांची गर्दी होऊन वेग घटतो.

खरी कसोटी दुरुस्तीची आहे. निव्वळ स्वयंसेवेवर विसंबलेले जाळे टिकणे अवघड, हे ओळखून गुइफी.नेटने व्यावसायिकांनाही सामावून घेतले. सामायिक जाळ्यावर सेवा विकणारे हे व्यावसायिक आपल्या वापराच्या प्रमाणात देखभालीचा खर्च उचलतात आणि त्याचा हिशेब एक प्रतिष्ठान ठेवते.