नाविक असला तरी खाडी टळत नाही

२५ जुलै २०२५ च्या पहाटे बेलापुरात फोनवरच्या नकाशावर विसंबून निघालेल्या एका महिलेची मोटार पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने जेट्टीवर गेली आणि तिथून सरळ खाडीत उतरली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वेळेत बाहेर काढलं, म्हणून त्या बातमीवर निदान विनोद तरी करता आले. विनोद ओसरल्यावर सुरू झाली ती नेहमीची चर्चा: फोनवर विसंबू नका, गाडीत चांगलं जीपीएस बसवून घ्या. आता 'चांगलं' म्हणजे काय? दुकानात गेलं की स्क्रीन किती इंची, उपग्रह किती पकडतं, 'नाविक' ही भारतीय उपग्रह प्रणाली चालते का, एवढंच ऐकायला मिळतं. हे सगळे प्रश्न चुकीच्या दाराशी उभे आहेत. आपण कुठे आहोत हे सांगणारं यंत्र आज स्वस्त आणि पुरेसं अचूक आहे. पुढे रस्ता आहे की नाही, हे मात्र त्याला कोणीतरी सांगावं लागतं. वाटाड्या निवडायचा तर त्याला ही खबर कोण देतं आणि ती किती शिळी असते, हे आधी पाहायला हवं.

उपग्रह यात निर्दोष आहेत. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दोनच गोष्टी बोलत असतात, आपल्या घड्याळात किती वाजले आणि आपण कुठे आहोत. किमान चौघांचं बोलणं ऐकू आलं की गाडीतला रिसीव्हर स्वतःची जागा काढतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि मोबाइलची रेंजही लागत नाही. ऐकणारी गाडी कोकणात आहे की बीडला, याचा उपग्रहाला पत्ताही नसतो. मोकळ्या आभाळाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरच्या आत जागा दाखवतो. आता पुलावर चढणारा रॅम्प आणि त्याला चिकटून खाली जाणारा रस्ता यांच्यातही सुरुवातीला तेवढंच अंतर असतं, आणि उंचीचा अंदाज तर याहून कच्चा. त्यामुळे गाडी वर आहे की खाली, हे ठरवताना यंत्र पुष्कळदा नकाशाकडे पाहून तर्क करतं, आणि रॅम्प चुकल्याचं त्याच्या लक्षात येईपर्यंत गाडी बरीच पुढे गेलेली असते. म्हणून 'नाविक' हवंच, असा हट्ट धरणाऱ्यांना एवढंच सांगायचं की आपली प्रणाली अभिमानास्पद आहे, पण ती जागा सांगते, जेट्टी संपल्याचं सांगत नाही.

खरी गोम नकाशात आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा जीव गेला. त्या पुलावर वर्षातले काही महिने पाणी असतं, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं. नकाशात मात्र पूल बाराही महिने कोरडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले. त्या पुलाचा एक भाग आधीच पुरात वाहून गेला होता. नकाशा ताजा ठेवण्याचं मोठं साधन म्हणजे रस्त्यावरून सरकणारे फोन, आणि फोनच्या गर्दीला रस्त्याची गर्दी समजण्यात काय फसगत होते ते बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलावंताने २०२० मध्ये झकास दाखवलं. ९९ जुने फोन एका हातगाडीत भरून तो रिकाम्या रस्त्यावरून रमतगमत निघाला, आणि नकाशावर तो रस्ता तुंबलेला, लालभडक दिसू लागला. ही गंमत उलटी करून पाहा. मध्यरात्री आडरस्त्यावर एकही फोन सरकत नसेल, तर रस्ता बंद आहे म्हणून कोणी नाही की सगळे झोपलेत म्हणून, हे यंत्राने कसं ओळखावं? शहरात सहसा न चुकणारा वाटाड्या आडवाटेवर रात्री आंधळा होतो तो यामुळे. आपल्याला त्याची गरजही नेमकी तिथेच असते!

या कसोटीवर पर्याय तपासले की निवड सोपी होते. कंपनीने गाडीत बसवून दिलेल्या प्रणालीची एक बाजू जोरकस आहे. चाकांच्या फेऱ्या आणि वळणं मोजून ती बोगद्यातही जागेचा अंदाज चालू ठेवू शकते. समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तिथे हे कामाचं. पण तिचा नकाशा अद्ययावत करायला पुष्कळदा पेनड्राइव्ह नाहीतर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, आणि तीन वर्षांचा जुना नकाशा घेऊन आजच्या महाराष्ट्रात फिरणं म्हणजे गेल्या वर्षीचं पंचांग उघडून मुहूर्त काढणं. वेगळं विकत मिळणारं उपकरण बॅटरी आणि उन्हाच्या बाबतीत फोनपेक्षा दणकट, पण शिळ्या नकाशाचा प्रश्न तिथेही सुटत नाही. तेव्हा बहुतेकांसाठी फोनच बरा, गाडीच्या पडद्याला जोडता आला तर उत्तम. दुसरं ॲप म्हणून 'मॅपल्स'सारखा देशी नकाशा ठेवावा. दोन्ही नकाशे एकच वाट दाखवतात तोवर ठीक, वाट वेगळी दाखवू लागले की थांबून चौकशी करावी. काचेवर धातूचा अंश असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर महागातला रिसीव्हरही बहिरा होतो, हे फिल्म विकणारा सहसा सांगत नाही.

वापराचं बहुतेक काम गाडी सुरू होण्याआधीचं आहे. 'कर्जत' टाइप केलं तर रायगडातलं की अहिल्यानगरातलं, हे पाहूनच बटण दाबावं. वडगावं आणि पिंपळगावं किती, याची तर गणतीच नको. वाहन म्हणून दुचाकी निवडलेली राहिली असेल तर मोटार बोळात जाऊन अडकणार. सहा मिनिटं वाचवणारा घाट सुचवला गेला, तर ती सहा मिनिटं कुणाला हवी आहेत, हे स्वतःला विचारावं. घाटात रेंज जातेच, म्हणून त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवावा. मात्र तो रस्ते दाखवील, वाटेतली कोंडी दाखवणार नाही. आवाज चालू असावा. धुळ्याचं 'धुले' करणारा तो उच्चार कानाला टोचतो, पण पडद्याकडे बघण्यापेक्षा परवडला. केंद्रीय नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातातला फोन केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि एकाग्रता न ढळू देता वापरता येतो. म्हणजे तो स्टँडवर लावा आणि चालत्या गाडीत पत्ता टाइप करू नका.

यावर ठरलेला आक्षेप येतो: डोळे कशाला दिलेत? मुद्दा वजनदार आहे, पण हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी तेवढेच किंवा जास्त. डिप्परचा उजेड चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे पाण्याखालचा पूल दिसतो तोवर पाण्याला चाक लागलेलं असतं. शिवाय 'सरळ जा' असं ठाम आवाजात सांगणारं कोणी शेजारी असलं की माणूस स्वतःच्या शंकेवर कमी भरवसा ठेवतो. डोळे हवेतच, आणि अनोळखी रस्त्यावर रात्री वेग ४० च्या खाली हवा. पण तुटक्या पुलाच्या तोंडाशी मातीचा ढिगारा किंवा काँक्रीटचा अडथळा टाकणं हे चालकाच्या डोळ्यांचं काम नव्हे. रामगंगेच्या प्रकरणात पहिला गुन्हा बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर दाखल झाला. त्यात नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्याचाही उल्लेख होता, पण क्रम योग्यच म्हणायचा.

दरवर्षी पावसाळ्यात वरंध घाट बंद केल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. तो पेपरात छापून येतो, व्हॉट्सॲपवर सही-शिक्क्यासकट फोटो फिरतो. माणसाला तो वाचता येतो, यंत्राला नाही. रस्ता कुठून कुठपर्यंत आणि किती तारखेपर्यंत बंद, एवढी दोन ओळींची नोंद अक्षांश-रेखांशांसह त्याच दिवशी खुली करायची आणि नकाशा कंपन्यांनी ती काही तासांत घ्यायची, असं बंधन घालायला नवा उपग्रह सोडावा लागत नाही. तोपर्यंत वरंध्याकडे निघणाऱ्याने भोरला चहाच्या टपरीवर गाडी थांबवून घाट चालू आहे का ते विचारावं. महाडकडून येणारा एखादा टेम्पोवाला तिथे भेटतोच.