रॉम नाही तर मशीन नाही

जुना कॉम्प्युटर आपल्या लॅपटॉपवर जिवंत करणाऱ्या सॉफ्टवेअरला इम्युलेटर म्हणतात. पण तो टाकला की लगेच चालतो असं नाही. बहुतेकांची गाडी एकाच मेसेजपाशी अडते: रॉम सापडत नाही. (मी कॉन्व्हेंटची, इंग्रजी शब्द जास्त येतील, चालवून घ्या!)

माझ्यासाठी हे नुसतं खेळणं नव्हतं. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसचं लायसन्स घेऊन तो भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने आणला. माझ्या मामांकडे तो होता. मशीन कधीच भंगारात गेलं, पण अंबाजोगाईच्या घरी त्यांच्या प्रोग्रॅम्सच्या तीन कॅसेटी राहिल्या. टेप काही कायम टिकत नाही.

आता मुद्दा. इम्युलेटर फक्त हार्डवेअरची नक्कल करतो, म्हणजे झेड-८० प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड. पण स्विच दाबल्यावर प्रोसेसरने करायचं काय, हे रॉम चिपमध्ये लिहिलेलं असतं. स्पेक्ट्रममध्ये बेसिक भाषा, कॅसेट वाचायची पद्धत, अक्षरांचे आकार, सगळं १६ केबीत बसवलंय! ही चिप वाचून केलेली फाइल म्हणजे रॉम इमेज.

ती इम्युलेटरमध्येच का नाही? कारण नक्कल एकाने लिहिली, रॉम दुसऱ्याच्या मालकीचा. १९८६ मध्ये सिंक्लेअरचे हक्क ॲमस्ट्रॅडने विकत घेतले आणि १९९९ मध्ये इम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिली. अट अशी की कॉपीराइटची ओळ बदलायची नाही. गंमत म्हणजे स्पेक्ट्रमच्या रॉममधले शेवटचे ८ बाइट म्हणजे © या चिन्हाचाच आकार! सगळ्याच कंपन्या इतक्या उदार नाहीत, तेव्हा दुसऱ्या मशीनचा रॉम घेताना परवाना बघा. उबुंटूवर फ्यूज हा इम्युलेटर वापरत असाल तर 'स्पेक्ट्रम-रॉम्स' हे वेगळं पॅकेज मिळतं.

तरीही अडलं तर आधी फाइलचा आकार बघा. बरोबर १६,३८४ बाइट हवेत, एकही कमी-जास्त नको. हेक्स एडिटरमध्ये सुरुवात एफ३, एएफ अशी दिसली पाहिजे. लिनक्सला लहान-मोठ्या लिपीतलं नाव वेगळं वाटतं, तेही तपासा. १२८ मॉडेलला १६ केबीचे दोन रॉम लागतात. कुणी एकच ३२ केबीची फाइल दिली तर ती मधोमध तोडायची. ओपनएसई बेसिक नावाचा मोफत पर्यायी रॉमही आहे, पण जुने प्रोग्रॅम मूळ रॉममधल्या ठराविक पत्त्यांवर थेट उडी मारतात. तिथे दुसरं काही सापडलं की संपलं.

मी कॅसेटी टेपरेकॉर्डरवर वाजवून लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या आणि ती फाइल इम्युलेटरला टेप म्हणून दिली. दोन उघडल्या, एकीत मामांचा कापसाच्या वजनाचा आणि भावाचा हिशोब निघाला. तिसरी 'टेप लोडिंग एरर'वर अडलीय. हेड स्वच्छ असलेला टेपरेकॉर्डर कुणाकडे असेल तर प्लीज सांगा.